होडीच्या तळाचें पाणी



गेटवेच्या पायऱ्यांवरून घारापुरीच्या लाँचींत उतारू चढतात तेव्हां प्रत्येकाची दृष्टि बाहेर असते. कोणी ताजमहाल हॉटेलचा घुमट न्याहाळतो, कोणी समुद्रपक्ष्यांची झुंबड पाहतो, कोणी वारा कोणत्या बाजूनें येईल ह्याचा अंदाज घेऊन बसावयाची जागा धरतो. आपल्या पायांखालच्या फळ्यांच्याहि खालीं काय आहे हें पाहण्याची इच्छा सहसा कोणास होत नाहीं. आणि झालीच, तरी तांडेल ती पुरी होऊं देईल असें नाहीं. परंतु लाँच असो, मासेमारीची होडी असो कीं मोठें गलबत असो, त्याची खरी प्रकृति त्या फळ्यांच्या खालींच पाहावयास मिळते. आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे तें ह्या जागेविषयीं.

होडी आंतून पाहिली तर मध्यभागीं, कण्याच्या दोन्ही अंगांस, एक लांबट खळगा असतो. होडींत कोठूनहि आलेलें पाणी अखेर तेथें जाऊन थांबतें. इंग्रजींत ह्या जागेस बिल्ज म्हणतात. आपण तिला होडीचा आंतला तळ म्हणूं. घरांतल्या भाषेंत सांगावयाचें तर ती होडीची मोरी होय. भेद एवढाच कीं घरच्या मोरीला बाहेर जाण्याची वाट असते. ह्या मोरीला ती ठेवतां येत नाहीं, कारण हिच्या बाहेरचें पाणी हिच्याहून उंचावर असतें!

हें पाणी येतें कोठून? लाकडी होडी म्हणजे कांहीं तांब्या नव्हे; अनेक फळ्या एकमेकींस जोडून ती बनविलेली असते, आणि त्यांच्या सांध्यांतून थोडें पाणी झिरपतेंच. लाटेचे तुषार वरून येतात, पाऊस येतो. इंजिन असेल तर पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो त्या जागीं जुन्या पद्धतीच्या बांधणींत पाण्याचे कांहीं थेंब पडतात, आणि ते पडावेहि लागतात, कारण त्यांनींच तो दांडा थंड राहतो. मासेमारीच्या होडींत ह्यांत बर्फाचें पाणी, माशांचें रक्त व खवले ह्यांची भर पडते; शिवाय इंजिनांतून ठिबकणारें तेल असतेंच.

आलेलें पाणी एके ठिकाणीं गोळा झालें तर तें काढणें सोपें. परंतु होडीच्या फासळ्या कण्यावर आडव्या बसविलेल्या असतात, म्हणजे तळाच्या मार्गांत प्रत्येक फासळी हा एक बांधच झाला. ह्यासाठीं जाणता सुतार प्रत्येक फासळीच्या पायथ्याशीं एक लहानसें भोंक राखतो. त्या भोकांतून पाणी एका खणांतून दुसऱ्या खणांत उतरत उतरत सर्वांत सखल जागीं येतें, आणि तेथून तें उपसावयाचें. ह्यांपैकीं एक भोंक रंध्याच्या भुशानें, चिंधीनें किंवा माशाच्या खवल्यांनीं तुंबलें कीं त्याच्या मागचें पाणी तेथेंच अडून राहतें. वर बसलेल्या माणसास त्याची वार्ताहि नसते, आणि पंप मात्र कोरडा फिरत राहतो. जुन्या काळच्या मोठ्या जहाजांत ह्या सर्व भोकांमधून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक बारीक सांखळी ओंवून ठेवीत. भोकें तुंबल्याचा संशय आला कीं ती सांखळी पुढें-मागें ओढावयाची. सगळीं भोकें एकदम मोकळीं! इतकें साधें व इतकें अकलेचें साधन माझ्या पाहण्यांत थोडें आहे.

शिडाच्या जहाजांवर तळाचें पाणी मोजण्याचें काम सुताराकडे असे. पंपाच्या खोलगट जागेला विहीरच म्हणत. त्या विहिरींत खुणा केलेली सळई सोडून ती किती ओली झाली हें पाहावयाचें आणि ठराविक वेळीं तें लिहून ठेवावयाचें. ह्यांत पाणी किती आहे ह्यापेक्षां तें किती वाढलें ह्याला महत्त्व असतें. एखाद्या होडींत रोज चार बोटें पाणी येत असेल तर ती तिची प्रकृति समजावी. काल चार बोटें होतें आणि आज आठ बोटें आहे, तर मात्र तो आजार समजावा. वैद्य जसा नाडी पाहतो तसा शहाणा तांडेल हें पाणी पाहतो. तें खारट आहे कीं गोडें आहे हाहि प्रश्न महत्त्वाचा असतो. खारट असेल तर सांधा किंवा दांड्याची जागा तपासावी; गोडें असेल तर पावसाचें पाणी वरून गळत आहे किंवा पिण्याच्या पाण्याची टांकी फुटली आहे.

तळ स्वच्छ कां ठेवावयाचा ह्याचें उत्तर मला येथें सांपडतें. तो कांहीं शोभेसाठीं घासावयाचा नसतो. तेथें पाहुणे जात नाहींत. परंतु काळ्या, तेलकट, केरानें भरलेल्या पाण्यांत आणखी थोडें पाणी आलें तर तें कोणास दिसणार? उलट, कोरड्या व स्वच्छ तळांत एक नवा ओघळ आला कीं तो लगेच डोळ्यांत भरतो. तळाला आंतून पांढरा किंवा फिकट करडा रंग देण्याची जी चाल आहे तिचें कारण हेंच. गडद रंगावर मळ दिसत नाहीं म्हणून तो पसंत करणारे लोक असतात, आणि बैठकीच्या गालिच्यापुरतें त्यांचें म्हणणें ठीक आहे. होडीच्या तळाला मळ दिसणाराच रंग हवा.

अठराव्या शतकांतील मोठ्या युद्धनौकांवर सहासहाशें माणसें महिनेमहिने राहत. वजनासाठीं तळांत खडी भरलेली असे, आणि वरच्या मजल्यांवरील सर्व प्रकारची घाण झिरपत झिरपत त्या खडींत मुरे. नौका डोलूं लागली कीं तें पाणी ढवळे आणि दुर्गंधीनें लोक हैराण होत. अधिकाऱ्यांच्या चांदीच्या वस्तु आणि सफेत्याचा रंग त्या वाफेनें काळा पडे. त्या काळच्या खलाशांच्या ध्यानांत एक चमत्कारिक गोष्ट आली होती. जें जहाज थोडें गळतें त्याची हवा बरी असते, आणि जें अगदीं घट्ट बांधलेलें त्याच्या पोटांत घाण फार! कारण उघड आहे. गळक्या जहाजांत पाणी रोज नवें येई व रोज उपसलें जाई. घट्ट जहाजांत तेंच पाणी महिनोगणती कुजत पडे. मग कांहीं जहाजांवर तोटी उघडून मुद्दाम समुद्राचें ताजें पाणी आंत घेत व पंपानें बाहेर टाकीत. स्टीफन हेल्स ह्या इंग्रज धर्मोपदेशक शास्त्रज्ञानें १७४० नंतरच्या वर्षांत जहाजांच्या पोटांतील कोंडलेली हवा काढण्यासाठीं मोठ्या भात्यांची योजना सुचविली. ह्या दुर्गंधीनेंच ताप येतो अशी त्या वेळच्या वैद्यांची समजूत होती. ती चूक होती. जहाजांवरचा तो जीवघेणा टायफस उवांमुळें पसरत असे, हें पुढें सिद्ध झालें. परंतु तळाच्या वायूचें भय मात्र खोटें नव्हतें. त्याविषयीं पुढें सांगतों.

आधीं लाकडाविषयीं बोलूं. १८१० सालीं इंग्लंडांत डेप्टफर्ड येथें ‘क्वीन शार्लट’ नांवाची शंभराहून अधिक तोफांची युद्धनौका पाण्यांत सोडण्यांत आली. ती कामावर रुजू होण्यापूर्वींच तिच्या लाकडांस बुरशीनें ग्रासलें. तें इतकें, कीं १८१२ सालीं जेम्स सॉवर्बी ह्या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञास बोलावून तिच्या पोटांत कोणकोणत्या बुरशी वाढल्या आहेत हें पाहावयास लावावें लागलें! ओलें लाकूड, कोंडलेली हवा, घाईचें बांधकाम; शत्रूचा एकहि गोळा न लागतां नौका आंतून संपत चालली होती. ह्याच सुमारास, १८१७ सालीं, मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनीं मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही नौका बांधून पाण्यांत सोडली. ती आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तिची दीर्घ डागडुजी २००१ सालीं पुरी झाली, तेव्हां सगळें श्रेय सागाला देतां येणार नाहीं. तरी सागाच्या अंगचें तेल बुरशीला व गंजाला दूर ठेवतें ही गोष्ट खरी.

बुरशीची एक खोड लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अगदीं कोरड्या लाकडांत ती जगत नाहीं, आणि सदा पाण्यांत बुडालेल्या लाकडांतहि हवेवांचून तिचें फारसें चालत नाहीं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा वीसांहून अधिक ओलावा आणि सोबत थोडी कोंडलेली हवा मिळाली कीं तिचें फावतें. शिवाय तिला मीठ सोसत नाहीं. आपण कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवतों त्याच न्यायानें अमेरिकेंतील जुने जहाजबांधणारे फासळ्यांच्या मधल्या जागांत खडेमीठ भरून ठेवीत. तेव्हां लाकडी होडीचा मोठा वैरी समुद्र नसून पाऊस आहे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत वाळूवर ओढून घेतलेल्या होड्यांवर माडाच्या झावळ्यांचें छप्पर घातलेलें दिसतें तें केवळ ऊन लागूं नये म्हणून नव्हे. गोडें पाणी तळांत सांठून राहूं नये हाहि त्यांत हेतु असतो. फायबरच्या होड्यांना कुजण्याचें भय पुष्कळच कमी, परंतु त्यांच्याहि पोटांत कित्येकदां लाकडी आधार असतात, आणि ते झांकलेले असल्यामुळें कुजले तरी दिसत नाहींत.

आतां वायूविषयीं. तळांत कुजणाऱ्या पदार्थांवर वाढणारे सूक्ष्म जंतु तेथील प्राणवायु संपवून टाकतात. गंजणारें लोखंडहि प्राणवायूच खातें. मग प्राणवायूवांचून जगणारे दुसरे जंतु समुद्राच्या पाण्यांतील गंधकाच्या क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु तयार करतात. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत तो शंभर भागांच्या आसपास झाला कीं नाकाची वास घेण्याची शक्तिच बधिर होते. वास नाहींसा झाला म्हणजे धोका टळला असें माणसास वाटतें, आणि वस्तुतः तो त्याच क्षणीं वाढलेला असतो. मासे सांठविण्याच्या बंद खणांत उतरलेला खलाशी कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोहि कोसळतो, मग तिसरा. अमेरिकेंत कामगारांच्या सुरक्षिततेचें संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनें १९८६ सालीं नमूद केलें आहे कीं, अशा कोंडलेल्या जागांत मृत्यु पावलेल्यांपैकीं शेंकडा साठांहून अधिक लोक दुसऱ्यास वांचवावयास गेलेले होते.

म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या तळांत एकदम उतरूं नये. सर्व झांकणें उघडावीं, पंख्यानें पुष्कळ वेळ ताजी हवा आंत सोडावी, आणि वायु मोजण्याचें यंत्र आतां मिळतें तें वापरावें. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असावा व दुसरें टोक धरून एक माणूस वरच राहिलेला असावा. आंतला माणूस बेशुद्ध पडला तर वरच्यानें त्याला दोरानें ओढावें, मदतीसाठीं ओरडावें, पण स्वतः उतरूं नये. हें शेवटचें सांगणें सोपें आणि पाळणें फार कठीण, कारण खालीं बहुधा भाऊ किंवा मुलगा असतो. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहण्याची चाल आपल्याकडे आहे. होडीच्या तळांत ती मुळींच चालवूं नये. एक तर विषारी वायूचें प्रमाण त्या दिव्यानें कळत नाहीं, आणि दुसरें, पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चारपट जड असल्यामुळें ती नेमकी तळांत जाऊन बसते. स्वयंपाकाचा गॅसहि तसाच जड. पेट्रोलचें इंजिन आंत बसविलेलें असेल तर तें चालूं करण्यापूर्वीं निदान चार मिनिटें तळाची हवा पंख्यानें बाहेर काढावी असा नियम सांगतात. एक ठिणगी पुरते.

प्रत्यक्ष सफाईचें काम ह्या मानानें साधें आहे. पायांखालच्या फळ्या काढाव्या आणि पाणी ढवळण्यापूर्वीं त्यावर तरंगणारें तेल टिपून घ्यावें. तेल शोषून घेणारे पण पाणी न शोषणारे कृत्रिम धाग्यांचे पत्रे आतां मिळतात, ते उत्तम. मग केर हातानें वेंचावा. हातमोजे घालावे, कारण तेथें खिळे, गळ व कांचा हमखास असतात. त्यानंतर कोमट पाणी, सौम्य साबण आणि ताठ केंसांचा ब्रश घेऊन नाळेकडून सखल जागेकडे घासत यावें, उलट कधींहि नाहीं. शेवटीं स्पंजानें शेवटचा थेंब टिपून फळ्या दोन दिवस उघड्याच ठेवाव्या. तळ कोरडा झाला म्हणजे पाहणीची खरी वेळ येते. खिळ्याभोंवतीं काळा डाग आहे काय? आरीचें टोंक टेकतांच तें लोण्यांत शिरावें तसें लाकडांत शिरतें काय? तसें असेल तर सुताराला बोलवावें. त्यावर रंग फांसून आपली समजूत घालूं नये.

घाणेरडें पाणी समुद्रांत टाकण्याचा मोह फार. समुद्र मोठा आहे, एवढ्याशा तेलानें काय होतें, हा युक्तिवाद आपण सर्वांनीं ऐकला आहे. मोठ्या जहाजांपुरता आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा निकाल लावलेला आहे. १९७३ व १९७८ सालच्या ह्या करारान्वयें तळाचें पाणी बाहेर सोडावयाचें तर त्यांत दहा लक्ष भागांस पंधरा भागांहून अधिक तेल असूं नये. लहान होड्यांना तसलीं यंत्रें नसतात, तरी तेलाचें पाणी डब्यांत भरून किनाऱ्यावर आणतां येतें. साबण टाकून तेल नाहींसें करण्याची युक्ति कित्येक जण सांगतात. साबणानें तेल जात नाहीं, त्याचे बारीक कण होऊन तें फक्त दिसेनासें होतें. आणि ज्या खाडींत तें सोडावयाचें त्याच खाडींतले मासे दुसऱ्या दिवशीं आपल्या ताटांत यावयाचे असतात.

आतां पंपाकडे वळूं. पंपावर लिहिलेला आंकडा हा पाणी उंच चढवावें न लागतां जेवढें निघेल तेवढ्याचा असतो. प्रत्यक्षांत त्याहून बरेंच कमी निघतें. त्यांतून गाळणींत केंस, दोऱ्याचे तुकडे, बाटलीवरून सुटलेला कागद अडकला तर विचारावयासच नको. पाणी वाढतांच पंप आपोआप सुरू करणारी तरंगती कळ असते, तीहि तेलकट मळानें चिकटून बसते. ती महिन्यांतून एकदां हातानें उचलून पाहावी. येथें थोडा हिशेब करून पाहूं. पाण्याच्या पातळीखालीं एक मीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचें भोंक पडलें, म्हणजे जुन्या रुपयाएवढेंहि नव्हे, तर त्यांतून मिनिटास सुमारें ऐंशी लिटर पाणी आंत येतें. म्हणजे पंधरा लिटरांच्या पांचांहून अधिक बादल्या. तासाला जवळजवळ पांच टन! आणि हें पाणी एके जागीं स्थिर राहत नाहीं. भरलेली परात दोन्ही हातांनीं घेऊन चालून पाहावें, म्हणजे कळेल. परात किंचित् कलली कीं सगळें पाणी त्याच बाजूस धांवतें आणि तिला आणखी कलवितें. होडी लाटेवर कलली असतां तळाचें पाणी तेंच करतें.

गळती आहे पण ती कोठें आहे तें कळत नाहीं, अशी वेळ पुष्कळदां येते. तेव्हां एक घरगुती उपाय आहे. तळ पुरता कोरडा करून त्यावर खडूची बारीक भुकटी पातळशी भुरभुरावी आणि विजेरी घेऊन स्वस्थ बसावें. पाण्याचा पहिला थेंब त्या भुकटींतून स्वतःची वाट काढीत येतो, आणि त्या वाटेनें उलट गेलें कीं उगम सांपडतो. अर्थात् हा उपाय घाणेरड्या तळांत करतां येत नाहीं.

अखेरीस, पुष्कळ दिवस जमिनीवर कोरडी राहिलेली लाकडी होडी पुन्हां पाण्यांत लोटतात त्या वेळेविषयीं सांगितलें पाहिजे, कारण नवखा मालक तेव्हांच घाबरतो. फळ्या वाळून आकसलेल्या असतात, सांधे उघडलेले असतात, आणि होडी सगळ्या अंगांनीं पाणी घेऊं लागते. ह्या भयानें सांधे आधींच लांबीनें गच्च ठासून भरणें हितावह नाहीं. फळ्या पुढें फुगतात आणि त्यांस जागा न मिळाल्यानें त्या फासळ्यांवर ताण आणतात. होडी उथळ पाण्यांत बांधावी, पहिल्या दिवशीं व पहिल्या रात्रीं तिच्यांत एक जागता माणूस ठेवावा, आणि दर तासाला किती बादल्या उपसल्या हें त्यानें खडूनें फळीवर मांडीत जावें. आंकडा उतरत चालला तर फळ्या फुगून सांधे मिटत आहेत असें समजावें. तिसऱ्या दिवशींहि तो तितकाच राहिला तर होडी पुन्हां वर ओढून घ्यावी.